चीनमधली मंदिरं भरली, पण संघ कुठे आहे? – एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीजिंग आणि हांगझौमधल्या बौद्ध मंदिरांपुढे तरुणांच्या रांगा लागल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले. दुसरीकडे तिथे नास्तिक कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आहे आणि विहारांत राष्ट्रध्वज लावावा लागतो, असंही वाचलं. मग हे बौद्ध धर्माचं पुनरुज्जीवन खरं मानायचं की सरकारी देखावा? आणि पुढच्या वर्षी सहल ठरतेय, तर तिकडे गेल्यावर नेमकं काय बघून अंदाज बांधायचा?

आधी प्रश्नच जरा सुटा करून घेऊ. पुनरुज्जीवन म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र धरतो: विहारांच्या इमारती व संस्था, सामान्य माणसांचे विधी, आणि शिकलेला, विनय (भिक्खूंसाठीचे नियम) पाळणारा संघ, म्हणजे भिक्खू-भिक्खुणींचा समुदाय. चीनमध्ये या तिघांची गती सारखी नाही. इमारती परत उभ्या राहिल्या, काही तर होत्या त्याहून मोठ्या. लोकांचे विधी दडपले गेले होते, पण घरांतून ते पुरते गेले कधीच नव्हते, म्हणून संधी मिळताच तेच सगळ्यांत आधी वर आले. संघ मात्र आजही तोकडा आहे. तेव्हा कुणी ठामपणे 'हो' म्हणालं किंवा 'नाही' म्हणालं, तर तो या तिघांपैकी कशाबद्दल बोलतोय ते आधी विचारा.

बरंचसं उत्तर जागेवरही अवलंबून आहे. फूजियान, झेजियांग, ग्वांगडोंग या किनारपट्टीच्या प्रांतांत परदेशी गेलेल्या चिनी कुटुंबांचा पैसा आणि जुनी भाविक परंपरा, दोन्ही होतं. तिथलं चित्र हेनानसारख्या आतल्या प्रांतापेक्षा वेगळं दिसतं. तिबेटी प्रदेशाचं राजकारण निराळं आहे. २००७च्या आदेशानुसार तिथे लामांच्या पुनर्जन्मालासुद्धा सरकारी मान्यता लागते. युन्नानच्या दक्षिण टोकाला शिश्वांगबान्नामधले ताई लोक थेरवादी, म्हणजे पाली परंपरेतले बौद्ध आहेत, त्यांचं नातं थायलंड-म्यानमारशी. खाली लिहिलंय ते मुख्यतः हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांच्या महायान परंपरेबद्दल.

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच होतो. एप्रिल २०१८मध्ये चीन सरकारने धर्मविषयक श्वेतपत्रिका काढली. तीत नोंदणीकृत बौद्ध विहार सुमारे ३३,५०० आणि भिक्खू-भिक्खुणी सुमारे २,२२,००० असा हिशेब आहे. फोड अशी: हान परंपरेचे २८,००० विहार आणि ७२,००० भिक्खू-भिक्खुणी, तिबेटी परंपरेचे ३,८०० विहार आणि १,४८,०००, थेरवादी १,७०० विहार आणि २,०००. आता साधा भागाकार करा. तिबेटी मठामागे ३९ जण येतात, हान विहारामागे अडीच. आणि ही सरासरी आहे. मोठ्या मठांत शे-दोनशे जण राहतात, म्हणजे हजारो लहान विहारांत एखादाच भिक्खू आहे किंवा तोही नाही. १९३०च्या सुमाराला चिनी बौद्धांच्या स्वतःच्या मोजदादीत भिक्खू-भिक्खुणींचा आकडा सात लाखांच्या पुढे होता, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या आजच्या निम्म्याहूनही कमी होती. छपरं परत आली, माणसं त्या मानाने आलेली नाहीत.

उपासकांची मोजणी तर आणखी निसरडी. २०१८च्याच दोन मोठ्या पाहण्या घ्या. एकीत 'तुमचा धर्म कोणता' असं विचारलं, तर जेमतेम ४ टक्के प्रौढांनी बौद्ध असं सांगितलं. दुसरीत 'बुद्धावर किंवा बोधिसत्त्वावर विश्वास आहे का' असं विचारलं, तर ३३ टक्के 'हो' म्हणाले. दोन्ही आकडे खरे आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन पटत नाही, कारण आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट आहे. इथे १९५६च्या दीक्षेपासून ओळख आधी आली, ती जनगणनेच्या कागदावर आग्रहाने लिहिली जाते (२०११ साली महाराष्ट्रात ६५ लाख, देशातल्या एकूण बौद्धांच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक), विधी त्यामागून येतात. चीनमध्ये विधी आधी असतो आणि ओळख बहुतेकदा नसतेच. दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला गुआनयिनपुढे, म्हणजे अवलोकितेश्वरापुढे, उदबत्ती लावणारी बाई धर्माच्या रकान्यात 'काही नाही' असं बिनदिक्कत लिहिते आणि त्यात तिला विसंगती वाटत नाही. शिवाय पक्षाचे सभासदच दहा कोटींच्या घरात आहेत आणि त्यांना धर्म पाळायला नियमाने मनाई आहे. त्यातला एखादा वडिलांच्या नावाने विहारात पाठ करवून घेईल, पण पाहणी करणाऱ्याला ते सांगणार नाही. म्हणून 'जगात सर्वांत जास्त बौद्ध चीनमध्ये' हे वाक्य दिसलं की मोजताना प्रश्न कोणता विचारला होता ते बघायचं.

आता 'सरकारी देखावा' या भागाकडे. सगळा मामला १९८० नंतर सरकारने दार किलकिलं केलं म्हणून सुरू झाला, असं बरेच जण धरून चालतात. तो त्याच्या खूप आधी सुरू झाला. १८६६ साली यांग वनहुइ या गृहस्थाने नानजिंगमध्ये बौद्ध ग्रंथ छापण्याचा छापखाना काढला, कारण ताइपिंगच्या बंडात ग्रंथ आणि विहार दोन्ही उद्ध्वस्त झाले होते. १८९३मध्ये शांघायला त्याची गाठ महाबोधी सोसायटीच्या अनागारिक धर्मपालांशी पडली. पुढे १९०८ साली त्याने 'जेतवन' नावाची छोटी शाळा चालवली आणि तिथे शिकलेला एक तरुण भिक्खू म्हणजे ताइशू. दरम्यान १८९८मध्ये झांग झिदोंग या बड्या अधिकाऱ्याने विहारांची मालमत्ता घेऊन तिथे शाळा काढाव्यात असा प्रस्ताव मांडला, आणि पुढची कित्येक वर्षं स्थानिक अधिकारी त्याच सबबीवर विहार बळकावत राहिले. संघाने यावर काढलेला तोडगा असा: आपणच शाळा काढू, म्हणजे कुणाला घ्यायला कारण उरणार नाही. ताइशूने १९२२ साली वुचांगला बौद्ध विद्यालय सुरू केलं. शियामेनच्या नानपुतुओ विहारातलं विद्यालयही त्याच लाटेतलं. संघ मेलेल्यांच्या क्रियाकर्मांत अडकलाय, धम्म जिवंत माणसांसाठी हवा, हा त्याचा आग्रह. बाबासाहेबांना वाचलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. हा ताइशू १९४०मध्ये सदिच्छा मंडळ घेऊन भारतातही येऊन गेला होता.

१८९८पासून आजपर्यंत चीनमधल्या प्रत्येक सत्तेने संघापुढे एकच अट ठेवली आहे: तुमचा उपयोग काय ते दाखवा. विसाव्या शतकाच्या आरंभी उपयोग म्हणजे शिक्षण. १९५३मध्ये चिनी बौद्ध संघटना स्थापन झाली तेव्हा उपयोग म्हणजे देशभक्ती आणि परराष्ट्र संबंध. बीजिंगजवळचा बुद्धाचा दंतधातू, म्हणजे दाताचा अवशेष, १९५५ साली ब्रह्मदेशात आणि १९६१ साली श्रीलंकेत दर्शनाला पाठवला गेला तो त्यासाठीच. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कुठलाच उपयोग चालेना. विहार बंद पडले, भिक्खूंना जबरदस्तीने संसारी केलं गेलं. १९८०च्या दशकात उपयोग म्हणजे पर्यटन आणि परदेशस्थ चिनी माणसांचा पैसा, १९९०नंतर दानधर्म, आणि आता 'चिनी संस्कृती'. त्यामुळे सरकारी चौकट दिसली की आतलं सगळं खोटं, असा निष्कर्ष काढू नका. त्या चौकटीबाहेर टिकून राहिलेला संघ तिथे मोठ्या प्रमाणावर उरलेलाच नाही. जे आहे ते चौकटीशी सौदा करूनच आहे. मला विचाराल तर या सौद्याची संघाने मोजलेली किंमत हाच खरा अभ्यासाचा विषय आहे.

१९८२मध्ये दोन गोष्टी झाल्या. पक्षाच्या मध्यवर्ती समितीने 'दस्तऐवज क्रमांक १९' काढून धर्म जोराने संपवता येत नाही हे मान्य केलं, आणि नव्या राज्यघटनेच्या ३६व्या कलमाने 'सामान्य' धार्मिक व्यवहारांना संरक्षण दिलं. सामान्य काय, हे ठरवायचा अधिकार अर्थात सरकारकडे राहिला. १९८३ साली हान प्रदेशातले १४२ विहार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून यादीत आले. यादीत आलेला विहार संघाच्या ताब्यात परत मिळवणं सोपं झालं, कारण तोवर कुठे कारखाना होता, कुठे गोदाम, कुठे उद्यान खात्याचं कार्यालय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बौद्ध संघटनेचे अध्यक्ष झाओ पुचू यांनी ताइशूचा जिवंत माणसांसाठीचा बौद्ध धर्म अधिकृत दिशा म्हणून जाहीर केला.

पैसा कुठून आला? पहिला मोठा ओघ हाँगकाँग, तैवान, सिंगापूर आणि मलेशियातून, पूर्वजांच्या गावातला विहार बांधून देणाऱ्या कुटुंबांचा. दुसरा ओघ स्थानिक सरकारांचा, पण तो दान नव्हता, गुंतवणूक होती. १९८२मध्ये शाओलिनवरचा सिनेमा गाजला आणि ओस पडलेल्या विहाराकडे माणसांचा लोंढा सुरू झाला. त्यावरून प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याला कळलं की विहार म्हणजे तिकीट, हॉटेल आणि बसगाड्या. वूशीजवळचा ८८ मीटर उंच लिंगशान बुद्ध १९९७चा. सान्याच्या समुद्रातली १०८ मीटरची गुआनयिन २००५ची. हे आकडे पाहून भारावून जायचं कारण नाही, यातल्या बहुतेक मूर्तींमागे आधी पर्यटन विकासाचा आराखडा होता. पुढे सरकारलाच ते आवरेना आणि २०१८पासून लागू झालेल्या नियमांनी धार्मिक स्थळांबाहेर उघड्यावर भव्य मूर्ती उभारायला बंदी घातली.

तिसरा ओघ मात्र खऱ्या अर्थाने लोकांचा आहे, आणि तो बघायचा तर मुख्य बुद्धमूर्तीपुढून निघून बाजूच्या दालनात जावं लागतं. तिथे भिंतीभर कागदाच्या अरुंद चिठ्ठ्या लावलेल्या असतात: लाल रंगाच्या हयात माणसांच्या आयुरारोग्यासाठी, पिवळ्या मृतांसाठी. पिवळ्या चिठ्ठीच्या मधोमध मृताचं नाव, खाली कडेला विधी करवणाऱ्या मुलानातवंडांची नावं. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला, म्हणजे उल्लंबनाच्या विधीला, या चिठ्ठ्यांना जागा पुरत नाही. चिठ्ठी लहान हवी तर दर कमी, मोठी आणि मूर्तीजवळ हवी तर जास्त. सात दिवस चालणारा जल-स्थल विधी, ज्यात सगळ्या भटकत्या मृतात्म्यांना अन्न आणि पुण्य दिलं जातं, हा वर्षातला सर्वांत मोठा जमेचा आकडा असतो. म्हणजे गंमत बघा: ज्या क्रियाकर्मांवर ताइशू आयुष्यभर टीका करत राहिला, त्यांच्याच उत्पन्नावर आज त्याच्या विचारांची बौद्ध विद्यालयं चालतात. नवयानी वाचकाला हे खटकेल. पण आपली फूटपट्टी तिथे लावली तर दिसायचं ते दिसणार नाही. त्या कुटुंबांसाठी धर्माचा गाभा तोच आहे, आणि १९६६ नंतरच्या दहा वर्षांत ज्यांच्या माणसांचे नीट विधीसुद्धा झाले नाहीत त्यांच्यासाठी तर विशेषच.

बिघडतं कुठे, तेही पाहू. पहिली जागा तिकीट खिडकी. हांगझौच्या लिंगयिन विहाराचं उदाहरण घ्या. तिथे अनेक वर्षं आधी ४५ युआनचं तिकीट काढून फेइलाइ टेकडीच्या पर्यटन क्षेत्रात शिरायचं आणि मग आत विहाराच्या दारात ३० युआनचं दुसरं, अशी व्यवस्था होती. पहिलं तिकीट प्रशासनाचं, दुसरं विहाराचं. पाहुण्याला वाटतं भिक्खूंनीच ७५ युआनचा धंदा मांडलाय, आणि भिक्खू म्हणतात आमच्या दारात यायलाही भाविकाला दुसऱ्याचं तिकीट लागतं. देशभर या एकाच मुद्द्यावर संघ आणि पर्यटन खातं यांची जुंपलेली असते.

दुसरी जागा ठेकेदारी. गावच्या किंवा तालुक्याच्या अधिकाऱ्याने मंदिर वर्षाच्या बोलीवर कंत्राटदाराला द्यायचं, त्याने पगारी माणसांना चीवर घालून बसवायचं, आणि पर्यटकाला भविष्य सांगत सांगत महागडी, मनगटाएवढी उदबत्ती गळ्यात मारायची. ऑक्टोबर २०१२मध्ये दहा खात्यांनी आणि २०१७मध्ये बारा खात्यांनी मिळून यावर बंदी घातली: विहार ठेक्याने द्यायचा नाही, शेअर बाजारात आणायचा नाही, धार्मिक स्थळ नसलेल्या जागी दानपेटी ठेवायची नाही. या आदेशांनंतर २०१८मध्ये पुतुओशान बेटाच्या पर्यटन कंपनीला शेअर विक्रीचा अर्ज मागे घ्यावा लागला. अमेइ पर्वताची कंपनी मात्र १९९७पासून शेअर बाजारात आहेच. जुन्यांना हात लागला नाही.

तिसरी जागा म्हणजे मोठ्या पदांवरचे भिक्खू. बौद्ध संघटनेचे अध्यक्ष शुएचंग यांना लैंगिक छळाच्या आरोपांनंतर ऑगस्ट २०१८मध्ये पद सोडावं लागलं. शाओलिनचे प्रमुख शी योंगशिन यांच्याविरुद्ध पैशांच्या अपहाराच्या आणि इतर गैरवर्तनाच्या संशयावरून चौकशी सुरू झाल्याचं जुलै २०२५मध्ये जाहीर झालं, आणि लगेच त्यांचं भिक्खू असल्याचं प्रमाणपत्रच रद्द झालं. दोन्ही वेळा एक गोष्ट दिसते: महत्त्वाच्या विहाराचा प्रमुख हा एकाच वेळी धर्मगुरू, संस्थाचालक आणि सरकारदरबारचा प्रतिनिधी असतो, आणि त्याला आतून जाब विचारणारं कुणी उरत नाही. विनयात संघाची सभा सर्वोच्च मानली आहे, प्रत्यक्षात ती फारशी भरत नाही.

आता सध्याची कायद्याची चौकट, थोडक्यात. २०१५पासून 'धर्मांचं चिनीकरण' हे धोरण आहे. मार्च २०१८मध्ये धर्मविषयक सरकारी खातं थेट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाखाली (पक्षाबाहेरच्या गटांना सांभाळणाऱ्या विभागाखाली) गेलं. त्याच वर्षी विहारांत राष्ट्रध्वज, राज्यघटना व कायदे, समाजवादी मूल्यं आणि चिनी परंपरा अशा चार गोष्टी आणण्याची मोहीम निघाली. मे २०२१पासून धर्मगुरूंसाठी स्वतंत्र नियम आले, त्यांत पक्षाच्या नेतृत्वाला पाठिंबा ही अट आहे. मार्च २०२२पासून इंटरनेटवर प्रवचन द्यायला परवाना लागतो आणि पूजा किंवा उदबत्ती लावण्याचं थेट प्रक्षेपण चालत नाही. एक लाख युआनपेक्षा मोठी परदेशी देणगी परवानगीशिवाय घेता येत नाही. दुसऱ्या बाजूला, २०१७च्या दिवाणी कायद्याने विहाराला स्वतःच्या नावावर कायदेशीर व्यक्ती म्हणून नोंदवायची सोय दिली. ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण त्याआधी विहाराची मालमत्ता नक्की कुणाची याचंच उत्तर धड मिळत नसे.

संघ तोकडा का राहिला, याचं सगळं खापर सरकारवर फोडता येत नाही. प्रव्रज्येला, म्हणजे घर सोडून मठात जायला, आईवडिलांची संमती लागते, आणि एकच मूल असलेल्या पिढीत कोणते आईबाप ती देतील? उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्खू-दीक्षेसाठी, वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत, विधी ठरावीक विहारांतच आणि संघटनेच्या मंजुरीने होतो. त्यातून जे येतात ते बहुधा शिकून-सवरून, नोकरी करून आलेले. संख्येने थोडे, पण जुन्या काळातल्या गरिबीपायी मठात टाकलेल्या पोरांपेक्षा फार वेगळे. भिक्खुणींची बाजू जास्त उजळ आहे. लोंगलियान या विदुषी भिक्खुणीने १९८३मध्ये चंगदूच्या थ्येश्यांग विहारात भिक्खुणींसाठी विद्यालय काढलं, आणि तिच्या परंपरेतलं वुताइ पर्वतावरचं पूशोउ विहार आज हजाराच्या घरात भिक्खुणी असलेलं केंद्र आहे. विनयाची शिस्त कुठे पाळली जाते असं कुणी विचारलं तर मी आधी भिक्खुणी विहारांचं नाव घेईन.

तरुणांच्या रांगांबद्दल. २०२३च्या सुरुवातीला एका मोठ्या प्रवासी कंपनीने मंदिरांची तिकीट नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ३१० टक्क्यांनी वाढल्याचं आणि त्यात जवळजवळ निम्मे १९९० नंतर जन्मलेले असल्याचं सांगितलं. ही आकडेवारी सगळीकडे फिरली. पण आदलं वर्ष म्हणजे २०२२, करोनाच्या टाळेबंदीचं. तुलनेचा पायाच खाली होता. रांगा मात्र खऱ्या होत्या, आणि कारणंही. त्याच वर्षी जूनमध्ये १६ ते २४ वयोगटातली शहरी बेरोजगारी सरकारी आकड्यांनुसार २१.३ टक्क्यांवर गेली होती. ही मुलं नोकरी, परीक्षा आणि झोप यांसाठी येतात, मनगटातली मण्यांची माळ घेतात, फोटो टाकतात. यातले बहुतेक पुन्हा येत नाहीत. थोडे मात्र विहारात आठवडाभर सेवेकरी म्हणून राहतात: झाडू मारायची, भाजी निवडायची, पहाटेच्या पाठाला उभं राहायचं. हबेइ प्रांतातल्या बाइलिन विहारात जिंगहुइ या आचार्यांनी १९९३मध्ये तरुणांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं, रोजच्या जगण्यातलं ध्यान हा त्याचा विषय, आणि नंतर कित्येक विहारांनी त्याची नक्कल केली. पुढच्या वीस वर्षांत काय होणार, याचा अंदाज माळांच्या रांगेपेक्षा या शिबिरांवरून बांधलेला बरा.

एवढ्यावरून तिकडे काय बघायचं ते सांगतो. विहारात राहणारे भिक्खू किती आणि ते दिवसभर करतात काय, हे पाहणं हा मुख्य धागा. पहाटेचा पाठ साधारण साडेचार-पाचला असतो. मुक्कामाची सोय असलेल्या विहारात राहिलात तरच तो मिळतो. तो नाही जमला तर दुपारी चारच्या सुमाराचा पाठ गाठा आणि किती चीवरं दिसतात ते मोजा. भोजनगृहात अकराच्या आसपास जेवण होतं, पूर्ण शांततेत. समोर दोन वाडगे असतात; आणखी हवं असेल तर वाडगा टेबलाच्या पुढच्या कडेला सरकवायचा, नको असेल तर आतच ठेवायचा, वाढपी त्यावरून समजतो. पानात टाकायचं नाही. कांदा-लसूण नसतो. विहारात हे रोज घडत असेल तर तो चालता विहार आहे, बाहेर कितीही फलक असोत. ध्वजाचा खांब आणि समाजवादी मूल्यांचा फलक सगळीकडे असतात, त्यावरून काही ठरवू नका.

दिवस निवडताना चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी बघा; त्या दिवशी आसपासचे खरे भाविक येतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या राष्ट्रीय सुट्टीत गेलात तर नुसती गर्दी दिसेल. उदबत्त्या तीन पुरतात आणि पुष्कळ मोठ्या विहारांत त्या दारातच फुकट मिळतात; त्याहून महाग काही घ्यायचा आग्रह झाला, किंवा हात बघून भविष्य सांगायला कुणी बोलावलं, तर निघा. रस्त्यात सोनेरी कार्ड हातात कोंबून दान मागणारा भिक्खू नसतो. डोक्यावर दीक्षेच्या वेळच्या डागांच्या खुणा असलेला तरुण म्हणजे अस्सल भिक्खू, हीही समजूत सोडा. बौद्ध संघटनेने ती प्रथा १९८३मध्येच बंद केली.

बीजिंगला युंगहगोंग बघाच, तिकीट २५ युआन, पण ती तिबेटी परंपरा आणि तिथे गर्दी फार. त्याच्या जोडीला फायुआन विहार ठेवा, जिथे १९५६पासूनची बौद्ध अकादमी आहे. तिथे पुस्तकं घेऊन वर्गावर जाणारे भिक्खू दिसतात. शियामेनचं नानपुतुओ फुकट आहे, विद्यापीठाला लागून आहे, आणि १९९४पासून त्याची स्वतःची धर्मादाय संस्था आहे. दवाखाना, शिष्यवृत्त्या, मदतकार्य हे सगळं तिथल्या फलकांवर हिशेबासकट वाचता येतं. ल्वोयांगच्या श्वेताश्व विहारात सांचीच्या धर्तीवर बांधलेलं भारतीय शैलीचं मंदिर आहे, त्याचं उद्घाटन मे २०१०मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं होतं. मराठी माणसाने फोटो काढावा इतकं ते देखणं आहे, पण ते दोन सरकारांचं काम आहे. पुनरुज्जीवनाचा पुरावा म्हणून ते धरू नका. त्यासाठी मागच्या जुन्या विहारात पाठाच्या वेळी जा.

शेवटी नियमांचं. परदेशी व्यक्तींच्या धार्मिक व्यवहारांसाठी १ मे २०२५पासून नवे तपशीलवार नियम लागू आहेत. स्वतःच्या वाचनापुरती पुस्तकं न्यायला हरकत नाही, पण बाबासाहेबांचं साहित्य किंवा कुठलीही धार्मिक पत्रकं वाटायला नेऊ नका, आणि हॉटेलच्या सभागृहात सामूहिक वंदना ठेवू नका. गटाने त्रिशरण-पंचशील म्हणायचं असेल तर विहाराच्या कार्यालयात आधी विचारा, परवानगी मिळेलच असं नाही. गाभाऱ्यात मूर्तीचे फोटो काढायचे नाहीत, उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. भिक्खूंशी चार लोकांत राजकारण काढू नका, अडचण तुमची नाही, त्यांची होते. मोठ्या विहारांत प्रवेशाची वेळ मोबाईलवर आधी नोंदवावी लागते आणि त्यासाठी पासपोर्टचा क्रमांक लागतो. दानपेटीवर क्यूआर कोड असला तरी खिशात थोड्या सुट्या नोटा ठेवा. पेटीवरचे कोड बदलून पैसे लाटल्याचे प्रकार तिथे झालेले आहेत.